सतरा नंबरची बशी

केरबामामा पाण्याचा वास घ्यायचे. स्वतः प्यायला त्यांना कुठलंही पाणी चालायचं, एसटी स्टँडवरच्या नळाचंसुद्धा. पण आमच्या वनस्पतिशास्त्र विभागातल्या काचेच्या बश्यांमध्ये जे शेवाळ वाढत असायचं, त्याला घालायचं पाणी आधी ओंजळीत घेऊन, डोळे मिटून नाकाशी धरलं जायचं. मग मान हलायची. उभी हलली की पाणी पास, आडवी हलली की बेसिनमध्ये. मी पीएच.डी.साठी त्या विभागात दाखल झाले ते साल त्र्याण्णव. पहिल्याच दिवशी हा सोहळा पाहून मला हसू फुटलं.

मामांनी डोळे न उघडताच विचारलं, "हसाय काय झालं, ताई?"

"क्लोरीन असं वासानं थोडंच कळतं, मामा? त्याची टेस्ट असते."

"आसंल की. तुम्ही टेस्ट करा. तवर मी पाणी घालून घेतो."

मामा म्हणजे केरबा कांबळे, विभागाचे लॅब अटेंडंट. कॉलेजात शिपाई, माळी, अटेंडंट सगळ्यांनाच मामा म्हणायची पद्धत. पण शास्त्र शाखेत नुसतं 'मामा' म्हटलं की हेच. उंच, वाळकी अंगकाठी, कडक इस्त्रीचा खाकी शर्ट, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. खिशात पेनऐवजी रंगकामाचा बारीक ब्रश आणि गळ्यात काळ्या दोऱ्याला लटकवलेलं भिंग. ते त्यांना विभागातल्या एका जुन्या प्राध्यापकांनी निवृत्त होताना दिलं होतं. शिक्षण सातवी. गाव चंदगड तालुक्यात, जिथं पाऊस जूनमध्ये येतो आणि दसऱ्याला कसाबसा निघतो. तिथं दगड, कौल, बांध, झाडाचं खोड, सगळ्यावर काहीतरी हिरवं उगवलेलं असतं. अशा गावातला माणूस कोल्हापुरात येऊन भिंती बघत हिंडला तर नवल नाही.

ते खरोखर भिंती बघत हिंडायचे. रविवारी सकाळी एखाद्या पेठेत शिरायचे आणि कुणाच्याही कंपाउंडच्या भिंतीला भिंग लावून उभे राहायचे. एकदा शुक्रवार पेठेतल्या एका घरमालकानं त्यांना पकडलं. "काय पावणं, काय मोजताय?" म्हणत तो बाहेर आला. त्याला वाटलं, घरपट्टी वाढवायला कुणीतरी आलंय. मामांनी त्याच्या हातात भिंग दिलं आणि भिंतीवरचं शेवाळ दाखवलं. पाऊण तासानं मामा तिथून चहा पिऊन निघाले आणि तो मालक पुढं कितीतरी दिवस भिंतीला चुना लावू देत नव्हता म्हणे. "बायको भांडतीया त्येच्याशी," मामा सांगायचे, "पर भिंत बगा कशी झालीय."

लोक ज्याला सरसकट शेवाळ म्हणतात त्यात नाना जाती असतात, आणि त्यातल्या एका जातीपायी माझी ऐन उमेदीची वर्षं गेली. ॲन्थोसेरॉस तिचं नाव. नखाएवढं चपटं हिरवं अंग मातीला चिकटलेलं असतं आणि त्यातून बारीक शिंगं वर आलेली असतात. ते उजेडाकडे धरलं तर आत काळपट निळे ठिपके दिसतात. हे ठिपके म्हणजे नॉस्टॉक नावाच्या सूक्ष्मजीवाची वस्ती. नॉस्टॉक हवेतला नायट्रोजन पकडून झाडाला खायला देतो, आणि झाड त्याला साखर देतं, राहायला जागा देतं. मी हे विद्यार्थ्यांना फळ्यावर आकृती काढून अर्धा तास सांगायचे. मामा मागून बश्या गोळा करता करता म्हणायचे, "घर शेवाळाचं हाय, पर भाकरी पावणं करतंय. येवढंच हाय." पोरांच्या परीक्षेतल्या उत्तरात कधीकधी हेच वाक्य सापडायचं.

आता भाकरीचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकते. पहिल्याच महिन्यात मामांनी दुपारी डबा उघडला आणि अर्धी भाकरी माझ्यापुढं केली. मी म्हणाले, "आज उपास आहे." वार बुधवार होता. आमच्या नेसरीच्या घरी शेतावर कामाला येणाऱ्या त्यांच्या समाजातल्या माणसांचा चहाचा कप गोठ्यात, वेगळ्या फळीवर ठेवलेला असायचा. तो कप मी लहानपणापासून बघत आले होते आणि त्याबद्दल कुणाला एक शब्द विचारला नव्हता. मामा फक्त "बरं" म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते खिडकीकडे तोंड करून जेवायला लागले. मला कळलं, लाज वाटली, आणि लाज वाटून मी काहीही केलं नाही. ही माझी जुनी खोड आहे. सहा महिन्यांनी नमुने गोळा करायला चंदगडला गेले तेव्हा त्यांच्या बहिणीच्या घरी मी पोटभर जेवले खरी, पण तोपर्यंत तो बुधवार आम्ही दोघंही विसरलो नव्हतो.

माझ्या प्रबंधाचा प्रयोग असा होता की आधी ॲन्थोसेरॉसमधला नॉस्टॉक औषध देऊन हाकलायचा, रोप अगदी शुद्ध करायचं, आणि मग वेगळ्या चंबूत वाढवलेला नॉस्टॉक पुन्हा त्याच्याजवळ सोडून तो आत कसा शिरतो ते बघायचं. शुद्ध करण्यात मी पटाईत होते. हातमोजे, स्पिरिट, उकळलेल्या काचा, सगळं. पण रोपं शुद्ध झाली की झाली, नॉस्टॉक काही आत शिरेना. आठ महिने असेच गेले. आमचे विभागप्रमुख हेच माझे मार्गदर्शक. सर शिस्तीचे, पण माझ्यावर लोभ असलेले. तेही शेवटी म्हणाले, "विषय बदलूया का?" काचा निर्जंतुक करायच्या ऑटोक्लेव्हच्या खोलीत जाऊन मी रडत बसले.

मामा बश्या धुवायला तिथं आले. मला बघून थांबले आणि म्हणाले, "ताई, डोळ्याचं पाणी खारं आस्तंय. बशीत पडाय नगो." मग त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावरून त्यांच्या जुन्या डब्याचं झाकण उचलून माझ्यासमोर धरलं. त्यात पावसाच्या पाण्यावर एक हिरवा पुंजका तरंगत होता. "ह्ये बगा जरा."

मी त्यांच्याच भिंगातून पाहिलं. आत काळपट निळे ठिपके होते, नवे, बारीक.

"हे कुठलं?"

"तुम्ही टाकून द्या म्हणलासा त्येच. शुद्ध केल्यालं. चंबूतलं बी तुम्ही टाकाय सांगितल्यालं. मी दोन्ही टाकलं न्हाय, हितं एकत्र ठिवलं. म्हटलं बगूया."

"पण माझ्या बशीत का होत नाही मग?"

"तुमच्या बशीत खत हाय न्हवं? त्ये नायट्रेट का काय?"

"त्याशिवाय रोप जगणार कसं?"

"जगतंय की. पोट भरून जगतंय. म्हणून तर कुणाला बलवत न्हाय." मामा कट्ट्यावर टेकले. "आमच्या बांधावर जितं युरिया सांडतोय, तितलं ह्ये शेवाळं हिरवंगार दिसतंय, पर आतलं ठिपकं कमी. जितं काय पडत न्हाय तितं ठिपकंच ठिपकं. उपाशी ऱ्हायल्यावरच त्ये पावण्याला हाळी देतंय."

मी त्याच आठवड्यात नायट्रेट काढून टाकलं आणि महिन्याभरात सगळ्या बश्यांमध्ये ठिपके आले. पुढं मी वाचलं तेही हेच होतं: नायट्रोजनची उपासमार झाली की ही वनस्पती पाण्यात एक द्रव्य सोडते आणि त्यानं नॉस्टॉकचे तंतू हलते होऊन तिच्याकडे सरकतात. मामांना ते सांगितल्यावर त्यांनी मान उभी हलवली. पाणी पास.

प्रबंध पूर्ण झाला, बांधून आला. मामांनी हात पुसून तो उघडला आणि विचारलं, "ह्यात मी कुटं हाय?" आभाराच्या पानावर सर, प्राचार्य, ग्रंथपाल, आईवडील, दोन मैत्रिणी यांची नावं होती आणि शेवटी 'प्रयोगशाळेतील कर्मचारी' असं इंग्रजीत होतं. मी तिथं बोट ठेवलं. "हे काय, स्टाफ म्हणजे तुम्हीच की." मामा त्या शब्दाकडे जरा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ब्येस हाय," आणि प्रबंध दोन्ही हातांनी मला परत दिला. नाव लिहायला एक ओळसुद्धा लागली नसती. मी ते का लिहिलं नाही याचं खरं उत्तर असं की, लिहावं असं मला सुचलंच नाही. मुद्दाम टाळलं असतं तर निदान सांगायला कारण असतं.

पुढं मी तिथंच अध्यापक झाले, तात्पुरत्या नेमणुकीवर. मामा 'ताई' सोडून 'मॅडम' म्हणायला लागले. चंदगडच्या डोंगरांतून, बांधांवरून आणलेल्या ॲन्थोसेरॉसच्या साठेक बश्यांचा संग्रह माझ्या ताब्यात आला. ताबा कागदावर माझा, जिवंत ठेवायचं काम मामांचं. दर पावसाळ्यात ते गच्चीवर पाच मोठ्या काचेच्या बरण्या लावून पाणी साठवायचे आणि ते वर्षभर पुरवायचे. प्रत्येक बशीवर मामांच्या अक्षरात नंबर आणि ठिकाण असायचं. सतरा नंबरच्या बशीवर लिहिलं होतं, 'आमचा बांध'.

तो बांध म्हणजे त्यांच्या वडिलांच्या वीस गुंठ्यांच्या भातखाचराचा. नव्वदचं दशक संपता संपता गावाजवळ धरण झालं आणि तो तुकडा पाण्याखाली गेला. मामा रजा काढून गेले होते, परत आले ते नेहमीसारखेच. फक्त सतरा नंबरची बशी त्यांनी खालच्या फळीवरून उचलून डोळ्यासमोरच्या फळीवर ठेवली. मग एका दुपारी माझ्या टेबलाजवळ येऊन उभे राहिले.

"मॅडम, सतरातलं नखाएवढं घरी न्हेऊ का? खिडकीत ठिवीन. पाणी हितनंच न्हेतो."

त्याच महिन्यात एका विद्यार्थ्यानं काही नमुने परस्पर नेले होते आणि मी भिंतीवर ठळक अक्षरात नियम लावला होता. मी म्हणाले, "मामा, संग्रहातलं काही बाहेर न्यायचं नाही. नियम सगळ्यांना सारखा."

"मग हितंच दुसरी बशी करूया का त्येची? एकावर दोन आसल्याली बरी."

"कपाटात जागा कुठं आहे? पुढच्या वर्षी बघू."

"बरं मॅडम."

पुढच्या वर्षी मी विसरले. त्याच्या पुढच्या वर्षी मामांनी आठवण केली नाही.

दोन हजार पाचच्या पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं. मामा बहिणीच्या आजारपणासाठी गावी गेले होते आणि रस्ते बंद झाल्यानं तिकडेच अडकले. आमच्या कॉलेजच्या हॉलमध्ये पूरग्रस्तांना आणून ठेवलं होतं. बाहेर सगळीकडे पाणी आणि नळाला थेंब नाही. लहान पोरं घेऊन बायका पाणी मागत लॅबच्या दारापर्यंत आल्या तेव्हा मी मामांच्या पाचही बरण्या त्यांना देऊन टाकल्या. त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. मामांनीही तेच केलं असतं.

चूक पुढं झाली. आठवड्यानं पूर ओसरला, ऊन पडलं, नळ सुरू झाले. रोगराई पसरू नये म्हणून कॉलेजच्या टाकीत टीसीएलची, म्हणजे क्लोरीनची, पावडर भरभरून टाकली होती. पाणी सोडलं की सगळ्या व्हरांड्यात वास सुटायचा. बश्या सुकायला आल्या होत्या. मी बरण्या विसळल्या, नळाखाली भरल्या आणि तेच पाणी साठही बश्यांना घातलं. वास मला आला नाही असं मी म्हणू शकत नाही. मला घाई होती, दुपारी बैठक होती आणि उद्या पाणी बदलू असं मनात होतं. उद्या दुसरी बैठक निघाली. या विषयात मी डॉक्टरेट घेतली होती. विहिरीचं पाणी आणायला शिपाई पाठवायलासुद्धा मला फार तर दहा मिनिटं लागली असती.

पाचव्या दिवशी कपाट उघडलं तर बश्या पांढऱ्या पडल्या होत्या. सगळ्या नाही, पण अर्ध्याहून जास्त. सतरा नंबरमध्ये धुवून ठेवलेल्या चिंधीसारखं काहीतरी तळाला बसलेलं होतं.

मामा सहाव्या दिवशी सकाळी आले, चंदगडहून तीन गाड्या बदलून, पँट गुडघ्यापर्यंत चिखलात. बश्या बघितल्या. मग बरणीचं बूच काढलं आणि वास घेतला. माझ्याकडे वळून ते काही विचारणार तेवढ्यात सर आत आले. बाहेरून पैसे मिळालेल्या एका प्रकल्पाचा आधार हा संग्रहच होता, आणि त्याचा अहवाल त्या महिनाअखेर जायचा होता. सरांचा चेहरा उतरला.

"पाणी कुणी घातलं?"

खोलीत आम्ही तिघंच होतो. सात वर्षं तात्पुरत्या नेमणुकीवर काढल्यानंतर माझी कायम नेमणुकीची ऑर्डर त्याच महिन्यात निघायची होती आणि शिफारस सरांची होती. माझ्या हातात खडू होता. मी तो खडू बघत राहिले. मामा सरांकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. त्यांनी मला चांगला वेळ दिला. मी तोंड उघडलं नाही.

"मामा, तुम्हाला विचारतोय," सर म्हणाले. "पाणी तुमच्याकडं असतं ना? नळाचं घातलंत?"

"व्हय सर," मामा म्हणाले. "झालं माझ्याकडनं."

"बत्तीस वर्षं झाली इथं, आणि अजून तुम्हाला पाण्यातलं कळत नाही?"

तारखांचा हिशेब सरांनी केला नाही, कारण मामा कधी परतले ते त्यांना माहीत नव्हतं आणि माहीत करून देणारी एकटी मीच होते. दोन दिवसांनी मामांना मेमो मिळाला. आठवड्यात त्यांची बदली झाली, विभागातून ऑफिसच्या दारात, घंटा द्यायला. जाताना त्यांनी गळ्यातलं भिंग शर्टाच्या आत टाकलं आणि मला म्हणाले, "ऱ्हायल्याल्या बश्यास्नी पावसाचंच घाला, मॅडम. वरच्या टाकीचं नगो."

माझी ऑर्डर सप्टेंबरात आली. पेढे वाटताना ऑफिसच्या दारात मामांना पहिला पेढा दिला, वाकून नमस्कारही केला. लोकांना वाटलं, काय ही नम्रता. त्यानंतर दोन वर्षं दर तासाला घंटा व्हायची आणि मी वर्गात जायचे. घंटा अगदी वेळेवर व्हायची. मामा काम कुठलंही दिलं तरी चोखच करायचे. मी रोज ठरवायचे की आज सरांना सांगायचं. सरांच्या केबिनचं दार ऑफिसच्या समोरच होतं. त्या दारापर्यंत जाऊन मी कितीदा तरी दुसऱ्याच कागदावर सही घेऊन परत आले.

मामा दोन हजार सातला निवृत्त झाले. निरोप समारंभात भाषण माझं होतं. मी छान बोलले. पाण्याचा वास, भिंग, शुक्रवार पेठेतला घरमालक, उपाशी शेवाळाची हाळी, सगळं सांगितलं. टाळ्या पडल्या. अध्यक्षस्थानी सर होते. ते हसून म्हणाले, "मामांनी शेवटी शेवटी आमचं थोडं नुकसान केलं, पण माणूस सोन्याचा." लोक हसले. मामाही हसले, आणि शाल-श्रीफळ घेऊन खाली बसले. मी सरांच्या शेजारच्याच खुर्चीत होते.

आता सरही नाहीत आणि मामाही नाहीत. म्हणून हे लिहायला मला सोपं जातंय, हेही मला कळतं.

दोन हजार नऊच्या ऑगस्टमध्ये मी रंकाळ्याजवळच्या माझ्या घरून मामांकडे गेले. ते शिरोली एमआयडीसीजवळ मुलाकडे राहायला गेले होते. मुलगा फाउंड्रीत, पहिल्या पाळीला. दोन खोल्यांचं घर, दारात फाउंड्रीच्या काळ्या मातीचा थर. मामा आणखी वाळले होते, पण शर्टाला इस्त्री होती. मी जाताना रिकाम्या हातानं गेले नव्हते. चंदगडला जाऊन त्यांच्या गावाच्या वरच्या अंगाच्या एका बांधावरून ॲन्थोसेरॉस आणलं होतं, नव्या बशीत, पावसाच्या पाण्यात.

मामांनी बशी खिडकीशी नेली, शर्टातून भिंग काढलं आणि बराच वेळ बघितलं. सून चहा ठेवत होती.

"ग्वाड हाय," ते म्हणाले. "पर आमच्या बांधावरचं न्हवं ह्ये. त्येची शिंगं आखूड हुती."

"मामा, तुम्ही त्या वेळी थोडं घरी नेलं नव्हतं का? गुपचूप? नखाएवढं?"

त्यांनी माझ्याकडे नवलानं पाहिलं. "तुम्ही न्हाय म्हणलासा की."

जे सांगायला आले होते ते तसंच, मध्येच, बाहेर पडलं. "मामा, ते पाणी मी घातलं होतं."

"म्हाईत हाय."

"मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं."

"व्हय."

मला वाटलं होतं ते म्हणतील, असू द्या मॅडम, झालं गेलं. किती वर्षं मी ते वाक्य त्यांच्या तोंडी घालून ठेवलं होतं. त्यांनी ते म्हटलं नाही. सुनेनं चहा आणून ठेवला, तो त्यांनी माझ्याकडे सरकवला.

"तुमची ऑर्डर निगायची हुती," ते म्हणाले. "माझी दोनच वर्सं ऱ्हायल्याली. म्हणून मी व्हय म्हणलो. वाटलं, ऑर्डर हातात आली की सांगशीला. घंटा देताना समोरच केबिन दिसायचं की. तुम्ही याचा, दाराशी थांबायचा. मी म्हणायचो, आज सांगत्यात."

"मामा, माझं चुकलं. मला माफ करा."

"शेवाळाचं न्हाय वो काय. पाणी कुणाच्या बी हातनं चुकतंय. पर सर म्हणालं, बत्तीस वर्सं झाली, केरबाला पाण्यातलं कळत न्हाय. त्ये त्येंच्या डोक्यात तसंच हाय अजून." त्यांनी भिंग शर्टाच्या टोकानं पुसलं. "सरास्नी सांगितलासा?"

"नाही."

"मग मला कशाला सांगताय? मी हुतो की तितं."

यात आवाज चढवणं नव्हतं, रागही नव्हता. एखाद्या विद्यार्थ्यानं बशी चुकीच्या फळीवर ठेवली तर ते ज्या सुरात सांगायचे तोच सूर होता. मी खाली मान घालून चहा प्यायले. मग म्हणाले, "आजच सांगते. जाता जाता सरांकडं जाते. रुईकर कॉलनीतच असतात ना अजून?"

"तितंच हाईत. बरं न्हाय म्हणं त्यास्नी, पर बोलत्यात चांगलं." मामा लगेच उठले आणि चपला शोधायला लागले. "चला, सिटी बस आता यायचीच हाय. मी येतो स्टॉपपातूर."

रस्त्याला पाणी साचलं होतं. ते माझ्या पुढं चालत होते, पाठ ताठ, चालण्याला एकदम घाई आलेली. मी इतक्या वर्षांत त्यांना कुठंही घाईनं जाताना पाहिलं नव्हतं. स्टॉपवर ते हायवेकडे बघत राहिले. बस दिसल्यावर त्यांनी दोन पावलं रस्त्यात जाऊन हात केला. मी चढले. मामांनी दांडीला धरून आत डोकावून कंडक्टरला सांगितलं, "ह्या मॅडम हाईत न्हवं, ह्यास्नी रुईकर कॉलनीला उतरवा. इसरू नका."

बस निघाली. मागच्या काचेतून मामा दिसत होते, कपाळावर आडवा हात धरून, बस जाईल तिकडे बघत. पुढच्या वळणाला ते दिसेनासे झाले.

कंडक्टर जवळ आला. "रुईकर कॉलनी न्हवं?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "रंकाळा द्या."